आवळायचं कसं आणि सोडायचं कसं

शिंक येणार असं वाटलं की मांडीवर मांडी आवळून उभी राहणारी बाई तुम्ही पाहिली असेल. कदाचित ती तुम्हीच असाल. लग्नाला निघताना गडद रंगाची साडी, पर्समध्ये जादा पॅड, एसटीत बसायच्या आधीपासून पाणी बंद, कार्यालयात शिरल्या शिरल्या बाथरूम कुठल्या बाजूला आहे ते पाहून ठेवणं. एवढी सगळी व्यवस्था बायका वर्षानुवर्षं बिनबोभाट लावतात. विचारलं तर म्हणतात, "बाळंतपणं झाली की व्हायचंच हे. आईला होतं, सासूबाईंचं तर अंग बाहेर यायचं."

माझं रोजचं काम याच तक्रारींचं आहे आणि आधी एकच गोष्ट ठासून सांगते. हे सर्रास आढळतं, पण म्हणून ते सोसत बसायचं कारण नाही. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू आहेत ते दंडाच्या किंवा पोटरीच्या स्नायूंसारखेच स्नायू आहेत. ते कमकुवत होतात, दुखावतात, आखडतात, आणि नीट शिकवलं तर सुधारतातही. फक्त शिकून करावं लागतं, आणि निदान तीन महिने द्यावे लागतात.

न बोलण्याची सवय मात्र फार जुनी आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्या अभ्यासाचा विषय लघवी सुटण्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. पण शरीराच्या या भागाबद्दल बाई किती आणि किती काळ गप्प राहते, ते त्यातून कळलं. आज शहरात, शिकलेल्या घरातही मला तेच दिसतं. गुडघा दुखला तर बाई चार दिवसांत डॉक्टरकडे जाते आणि लघवी सुटत असेल तर दहा वर्षांनी, तेही दुसऱ्याच कशासाठी आल्यावर, दार उघडून बाहेर पडता पडता सांगते.

हे स्नायू आहेत कुठे

खुर्चीवर ताठ बसा. समोर, ओटीपोटाच्या अगदी खाली, हाताला एक हाड लागतं. मागे माकडहाड आहे. दोन्ही बाजूंना, ज्यांवर आपण बसतो ती ढुंगणातली दोन हाडं. या चार टोकांच्या मध्ये स्नायूंची झोळी बांधलेली आहे. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय तिच्यावर विसावलेले असतात. बायकांच्या बाबतीत लघवीची, योनीची आणि शौचाची अशा तीन वाटा तिच्यातून जातात, पुरुषांच्या दोन. या वाटा बंद ठेवणं, वेळ आल्यावर मोकळ्या करणं, वरचे अवयव जागेवर धरणं, शरीरसंबंधात साथ देणं, आणि पाठीच्या व पोटाच्या स्नायूंबरोबर कंबर सावरणं, एवढी कामं ती करते.

ती एका जागी स्थिर नसते, हे बहुतेकांना माहीत नसतं. श्वास आत घेतला की छातीखालचं श्वासपटल खाली येतं आणि त्याबरोबर हा तळही किंचित खाली जातो. श्वास सोडला की दोन्ही वर येतात. खोकलो, शिंकलो, गॅसचा सिलिंडर उचलला, जिन्यावरून धावत उतरलो की पोटात अचानक दाब वाढतो, आणि निरोगी तळ तो दाब पोचायच्या आत आपोआप आवळतो. गरोदरपणाचं ओझं, लांबलेली कळ, चिमटा लावून केलेली प्रसूती, खोलवर फाटून पडलेले टाके, वर्षानुवर्षांचा खोकला, शौचाला कुंथायची सवय, वाढलेलं वजन, पाळी गेल्यानंतर कमी झालेलं इस्ट्रोजेन, यांतल्या कशानेही हे आपोआप आवळणं मंदावतं.

तक्रारी मग वेगवेगळ्या रूपांत येतात. एकीला खोकताना, हसताना, उड्या मारताना थेंब सुटतात. दुसरीला लघवीची भावना झाली की दम निघत नाही. कुलपात किल्ली घालेपर्यंत साडी भिजते. पुष्कळ जणींना दोन्ही असतं. कुणाला वारा अडवता येत नाही. कुणाला संध्याकाळपर्यंत खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटतं, धुताना बोटाला गोळा लागतो. कुणाला शरीरसंबंध असह्य दुखतो आणि ते नवऱ्यालाही सांगता येत नाही. लक्षणांच्या या याद्या मी मुद्दाम सरमिसळ सांगितल्या, कारण एकाच बाईत यांतली तीन-तीन एकत्र असतात आणि प्रत्येकीचा उपाय एकच नसतो.

केगल कुणाचा आणि चुकतं कुठे

अमेरिकेतल्या आर्नल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला. तेव्हापासून त्याचंच नाव व्यायामाला चिकटलं. त्याने बायकांना नुसतं "आवळा" असं सांगून घरी पाठवलं नव्हतं. योनीत ठेवायचं, दाब मोजणारं एक साधन त्याने बनवलं होतं. आपला स्नायू किती जोर लावतो आहे हे बाईला काट्यावर दिसायचं आणि ती त्यावरून शिकायची. पुढे नाव जगभर गेलं, साधन आणि शिकवणं मागे पडलं. आता मोबाइलवर कुणीही "रोज शंभर वेळा करा" म्हणून सांगतं.

याचा तोटा १९९१ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलेला आहे. ४७ स्त्रियांना तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला सांगितला आणि आतला दाब मोजला. बरोबर जमला साधारण निम्म्या जणींना. आणि चौघींतली एक असं करत होती की त्यामुळे लघवी सुटणं वाढावं, कारण ती वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होती.

माझ्या टेबलावर हे रोज घडतं. साठीच्या एक काकू होत्या, सहा महिने नेमाने व्यायाम करत होत्या आणि फरक शून्य. म्हटलं, "काकू, करून दाखवा बरं." त्यांनी श्वास रोखला, पोट फुगलं, ढुंगण टेबलावरून वर उचललं गेलं, मांड्या एकमेकींवर आपटल्या. खालचा स्नायू मात्र बाहेरच्या बाजूला फुगत होता. मग एक हात पोटावर ठेवायला सांगितला, गुडघे थोडे लांब घ्यायला लावले आणि म्हटलं, "चारचौघांत वारा सुटू पाहतोय, तो अडवायचाय. पण शेजारणीला कळता कामा नये." चेहरा शांत झाला. पोट हललं नाही. आणि पहिल्यांदाच आतून वर गेलं. "एवढंच?" काकू म्हणाल्या. "हे तर काहीच नाही वाटत." बरोबर केलं की सुरुवातीला असंच वाटतं, स्नायू लहान आहे आणि अशक्तही. मग म्हटलं, "आता सोडा." तर सुटेना. सोडायला शिकण्यात पुढचा आठवडा गेला.

घरी करून पाहायचं असेल तर

पाठीवर झोपा, गुडघे मोडून पावलं जमिनीवर टेकवा. झोपून सोपं जातं, कारण वरचं वजन स्नायूवर नसतं. दोन-तीन श्वास पोटातून संथ घ्या. मग श्वास सोडता सोडता गुदद्वार आवळा, जसा वारा अडवतो तसा, आणि ते आवळणं पुढे लघवीच्या वाटेपर्यंत न्या. दिशा आत आणि वर. मांड्या, ढुंगण, पोटाचा वरचा भाग सैल राहायला हवा. बोलता येत असेल तर श्वास रोखलेला नाही, म्हणून मोठ्याने आकडे मोजा.

बरोबर होतंय का हे पाहायला हातात लहान आरसा घ्या. योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग आत ओढला जाताना दिसला पाहिजे. तो बाहेर फुगत असेल तर लगेच थांबा आणि तपासून घेतल्याशिवाय पुढे करू नका. आरसा नको वाटत असेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती लांबीच्या बाजूने, पुढून मागे, खुर्चीवर ठेवा आणि तिच्यावर बसा. आवळलं की अंग गुंडाळीवरून किंचित उचलल्यासारखं, सोडलं की पुन्हा टेकल्यासारखं जाणवतं. लघवीची धार मध्येच थांबवून पाहायला पुष्कळ जण सांगतात. स्नायू कुठला हे ओळखायला एखाद्या वेळी ते चालेल. व्यायाम म्हणून रोज करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होण्याची लय त्याने बिघडते.

किती वेळा? ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एका वेळी निदान आठ आकुंचनं, दिवसातून तीनदा, आणि हे शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली निदान तीन महिने, असं सांगितलं आहे. सुरुवातीला तीन आकडे धरता आले तरी पुरेत. जेवढं धराल तेवढंच, किंवा थोडं जास्तच, सोडून थांबा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जा. त्यानंतर काही आकुंचनं पटकन आवळून पटकन सोडायची, कारण शिंक तुम्हाला दहा आकडे मोजायला वेळ देत नाही. झोपून जमलं की बसून, बसून जमलं की उभ्याने. ओट्याशी चहा उकळेपर्यंत उभ्याने होतात. शंभर-दोनशेच्या नादी लागू नका. थकलेला स्नायू चुकीचं शिकतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडणाऱ्या बायका सगळ्यात जास्त. स्नायूला जाड आणि बळकट व्हायला दोन-तीन महिने लागतात, त्याला इलाज नाही. पण एक युक्ती त्याआधीच उपयोगी पडते. खोकला, शिंक किंवा वजन उचलणं येणार हे कळलं की क्षणभर आधी आवळायचं आणि ते होईपर्यंत धरून ठेवायचं. अमेरिकेतल्या मिलर, ॲश्टन-मिलर आणि डीलान्सी या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की ही युक्ती शिकलेल्या स्त्रियांची खोकताना होणारी गळती आठवड्याभरातच कमी झाली. आमच्याकडे हे सूत्र एका ओळीत शिकवतो: आधी आवळा, मग खोका. नातवाला कडेवर घ्यायच्या आधी, पाण्याची कळशी उचलायच्या आधी, सिलिंडर सरकवायच्या आधी. काही दिवसांत ते आपोआप होऊ लागतं.

मशिनं लावून काम होईल का, असं विचारतात. १९९९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कारी बो या नॉर्वेतल्या फिजिओथेरपिस्टचा अभ्यास आला. खोकताना गळती होणाऱ्या स्त्रियांमध्ये तिने स्नायूंचा व्यायाम, विजेचा सौम्य प्रवाह आणि योनीत ठेवायची वजनं यांची तुलना केली. व्यायाम सरस ठरला. ज्यांना स्नायू सापडतच नाही, जरासुद्धा हलवता येत नाही, त्यांना सुरुवातीला विजेचा आधार देतात. पडद्यावर आकुंचनाची रेघ दाखवणारं यंत्र शिकायला छान मदत करतं. पण यंत्राच्या नावाने दहा-वीस बैठकांचं पॅकेज विकत घ्यायला लावणाऱ्याला आधी विचारा, घरी मी स्वतः काय करायचं?

घाईची लघवी

इथे ताकदीपेक्षा मूत्राशयाला लावलेल्या सवयी सुधारायच्या असतात. तीन दिवसांची नोंद ठेवा: किती वाजता काय प्यायलं, किती वाजता गेलात, मापाच्या जुन्या प्लास्टिकच्या मगात किती भरलं, कधी सुटली. एवढ्या कागदावरून आम्हाला निम्मं निदान होतं. पुष्कळदा दिसतं की बाई दर तासाला, "असू दे, जाऊन येते" म्हणून जाते आणि शंभर मिलिलिटरसुद्धा होत नाही. मूत्राशयात साधारण चारशे-पाचशे मिलिलिटर मावते. लहान लहान फेऱ्यांनी त्याला थोडक्यातच हाक मारायची सवय लागते.

घाई आली की धावू नका. जिथे आहात तिथे उभ्या राहा, शक्य असेल तर बसा. पाच-सहा वेळा पटपट आवळा, सोडा. श्वास संथ ठेवा, मन दुसरीकडे न्या, नातेवाइकांचे फोन नंबर आठवा. लाट ओसरते. ओसरल्यावर चालत जा. मग दोन फेऱ्यांमधलं अंतर दर काही दिवसांनी दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेत तीन तासांच्या आसपास आणायचं. याला निदान सहा आठवडे धरा. दिवसात सहा-आठ वेळा जाणं ठीकच आहे.

पाणी कमी करणं हा सगळ्यात वाईट उपाय. दाट लघवी मूत्राशयाला चुरचुरते आणि घाई वाढते. बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. कमी करायचा असेल तर चहा. दिवसाचे पाच-सहा कप असतील तर दोनवर या आणि काय होतं ते नोंदीत लिहा. आणि रक्तातली साखर तपासा. वारंवार लघवी हे मधुमेहाचंही लक्षण आहे.

कुंथणं

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण तळाच्या स्नायूंचं पुष्कळ नुकसान रोज सकाळी होतं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसलं की गुदद्वाराची वाट सरळ होते, जोर कमी लागतो. कमोडवर बसत असाल तर पायाखाली पाट किंवा लहान स्टूल घ्या. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. कोपर मांड्यांवर, पोट सैल, आणि जोर देताना श्वास रोखण्याऐवजी तोंडाने "हूऽऽ" करत सोडा. पोटात पालेभाजी, फळं, भाकरी आणि पाणी जाऊ द्या. मोबाइल घेऊन वीस मिनिटं बसू नका.

वजनाबद्दल एवढंच सांगते की पाच-दहा टक्के उतरलं तरी गळती कमी होते. जुना खोकला असेल, तंबाखूची बिडी-सिगारेट असेल, तर त्याचा बंदोबस्त केल्याशिवाय व्यायामाला यश येणार नाही.

ज्यांनी आवळू नये

हा भाग कृपया वाचाच. सगळ्यांचा तळ सैल झालेला नसतो. काहींचा सतत आखडलेला असतो. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार तुटक येते, झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते. संबंधाच्या वेळी दुखतं किंवा प्रवेशच होत नाही. बराच वेळ बसलं की माकडहाडाभोवती ठणकतं. अशा बाईने मोबाइलवर पाहून केगल सुरू केले की त्रास वाढतो. लग्नाला वर्ष-दोन वर्षं होऊनही संबंध होऊ शकला नाही म्हणून दोन्ही घरांच्या बोलण्याला कंटाळून आलेल्या मुली मी पाहते. त्यांना "मनातली भीती काढ" एवढंच सांगितलेलं असतं. भीती असतेच, पण स्नायूही खरोखर आखडलेला असतो, आणि तो हळूहळू सैल करता येतो.

त्यांचा व्यायाम उलटा. पाठीवर झोपून, गुडघ्यांखाली उशा, एक हात पोटावर. श्वास आत घेताना पोट वर येऊ द्या आणि तळ खाली पसरतोय असं जाणवू द्या; ढकलायचं नाही. सोडताना काहीच करायचं नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. बालासन, उशांच्या आधाराने सुप्त बद्धकोणासन यांचा उपयोग होतो. दात घट्ट आवळून काम करायची सवय असेल तर जबडा सैल ठेवा. पुष्कळांचा तळही त्याबरोबर सुटतो. आत बोटाने किंवा क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्यांनी सैल करण्याचा भाग मात्र शिकलेल्या व्यक्तीकडूनच घ्या.

योग करणाऱ्या वाचकांना मूलबंध आणि अश्विनी मुद्रा आठवल्या असतील. स्नायू बऱ्याच अंशी तेच आहेत आणि ज्यांना मूलबंध नीट येतो त्यांना हे लवकर जमतं. पण कुंभकाबरोबर, श्वास रोखून करायची सवय इथे आणू नका. आणि तुमचा तळ आखडलेला असेल तर मूलबंधही काही काळ बाजूला ठेवा.

बाळंतीण

आपल्याकडे बाळंतिणीचं कौतुक असतं, शेक-शेगडी, मालिश, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती. त्या विश्रांतीला मी हात जोडते. एकाच गोष्टीबद्दल आयांना विनवते: पोट करकचून बांधू नका. घट्ट पट्ट्याने पोटातला दाब जाणार कुठे? दमलेल्या, ताणलेल्या तळावरच. कंबरेला आधार हवा असेल तर दोन बोटं सहज जातील इतका सैल बांधा, आणि पोट त्याने आत जाईल या आशेने तर नकोच.

साधी प्रसूती असेल आणि लघवीची नळी काढलेली असेल तर दुखणार नाही इतपत हलकं आवळणं पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतं. त्याने सूज उतरायलाही मदत होते. टाके गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेले असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा आणि फिजिओथेरपी लिहून मागा. अशा बाईला पुढे वारा आणि शौच अडवता न येण्याचा धोका असतो. सिझेरियन झालं म्हणून तळ सुटला असं नाही, नऊ महिन्यांचं ओझं त्यानेच पेललं आहे. पळणं, उड्या, दोरीवरच्या उड्या तीन महिन्यांच्या आत नकोत, आणि त्यानंतरही गळत नसेल, जड वाटत नसेल तरच. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या पुनर्वसनाची सत्रं सरकारी आरोग्य विम्यातून मिळतात. आपल्याकडे बाळाच्या लसीकरणाचा तक्ता हातात मिळतो, आईसाठी कुठलाच नसतो. तेव्हा सहाव्या आठवड्याच्या तपासणीला हा विषय तुम्हीच काढा.

पिशवी खाली आली तर

अंग बाहेर येणं म्हणजे मूत्राशय, गर्भपिशवी किंवा गुदाशय योनीत खाली सरकणं. ऐकताना भीती वाटते, पण हे अवयव एका दिवसात निसटून पडत नाहीत. २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत, एकेकीला वेगळं शिकवून करून घेतलेल्या व्यायामाने अशा स्त्रियांची लक्षणं वर्षभरानंतरही कमी असलेली दिसली. जड वाटणं कमी होतं, काम करता येतं. पुष्कळच खाली आलं असेल तर सिलिकॉनची रिंग बसवता येते. मापाची बसली तर बाईला तिची जाणीवसुद्धा होत नाही. शस्त्रक्रियेचीही जागा आहे, आणि ज्यांना तिची गरज आहे त्यांनी ती जरूर करावी.

मला काळजी वाटते ती "पिशवी काढून टाका, कटकट जाईल" या सल्ल्याची. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. ८२ हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कारणं अनेक होती आणि सगळी तळाच्या स्नायूंची नव्हती. पण बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढणारी बाई डोळ्यांसमोर आणा. तिची पिशवी काढली तरी मोळी तीच, तळही तोच. पिशवी गेल्यावर योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो, मूत्राशय येऊ शकतं. काढायचीच असेल तर कशासाठी काढताय, न काढता काय करता येईल, आणि तळाच्या स्नायूंचं पुढे काय, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

पुरुषांसाठी

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली की नळी काढल्यावर लघवी सुटते आणि भरभक्कम माणूस डायपर घालून घरात बसतो, फिरायला जायचं बंद करतो. बहुतेकांची ही गळती काही महिन्यांत ते वर्षभरात बरीच कमी होते. व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधीच शिकून घेतला तर फार बरं. पुरुषांना "वारा अडवा" या सूचनेपेक्षा "लिंग मुळापासून आत ओढून आखूड करा, अंडकोष वर उचला" ही सूचना जास्त बरोबर लागू पडते. खुर्चीवरून उठताना आधी आवळा, मग उठा. लघवी करून पँट लावल्यावर शेवटचे थेंब पडत असतील तर धार संपल्यावर एकदा जोरात आवळा आणि अंडकोषामागून पुढे बोटाने निपटून काढा.

तपासणीला जाताना

शस्त्रक्रियेआधी, किंवा मोबाइलवरच्या व्यायामाआधी, एकदा तपासून घ्या. स्त्रियांच्या आरोग्यात किंवा तळाच्या स्नायूंच्या उपचारात विशेष शिक्षण घेतलेली फिजिओथेरपिस्ट शोधा, आणि ती राज्याच्या कौन्सिलकडे नोंदलेली आहे का ते विचारा. मुंबईत केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांना जोडून फिजिओथेरपीचं शिक्षण दिलं जातं. अशा ठिकाणी खर्चही आवाक्यात असतो. पहिल्या भेटीत अर्धा-पाऊण तास प्रश्नच असतात. मग पोट, कंबर, श्वास पाहतात. आतली तपासणी हातमोजा घालून एका बोटाने करतात, त्यातून आवळण्याची ताकद शून्य ते पाच या मोजणीत ठरते, आणि सोडता येतं का तेही कळतं. ती करू द्यायची की नाही हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. अविवाहित असाल, नको वाटत असेल, पाळी चालू असेल तर तसं सांगा. बाहेरूनही पुष्कळ कळतं. सोबत बहीण किंवा मैत्रीण हवी असेल तर न्या. न विचारता, न सांगता कुणी हात लावत असेल तर उठून बाहेर या.

काही गोष्टींसाठी फिजिओथेरपीची वाट पाहू नका, थेट डॉक्टरकडे जा. लघवीतून रक्त, ताप आणि जळजळ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाणं, लघवी अचानक पूर्ण अडणं. आणि कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

उरला संकोच. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेल्यावर शब्द सुचत नाहीत, म्हणून घरूनच कागदावर लिहून न्या आणि बसल्या बसल्या तो पुढे करा: "मला अमुक महिन्यांपासून खोकताना लघवी सुटते. दिवसाला इतके पॅड लागतात. बाळंतपणं इतकी, टाके पडले होते. तीन दिवसांची नोंद सोबत आहे. मला आधी फिजिओथेरपी करून पाहायची आहे, चिठ्ठी द्या."